आईची तीन बटणं

दुसऱ्याचा फोन दिसला की सेटिंगशेठचे हात शिवशिवायचे. हे नाव त्याला कारखान्यातल्या लोकांनी ठेवलं होतं आणि ते कौतुकाने ठेवलंय अशी त्याची समजूत होती. ती कुणी खोडून काढली नाही, कारण तो पंपाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचा, आणि स्टोअरवाल्याशी वाकडं कुणी घ्यायचं? खिडकीशी कुणी बेअरिंग मागायला आलं की आधी त्याच्या हातातला फोन आत जायचा, मग बेअरिंग बाहेर यायचं.

"अजून ती खाली तीन बटणं?" तो विचारायचा. "अरे, दुनिया कुठल्या कुठे गेली!" मग तो बटणं उडवायचा आणि जेश्चर लावून द्यायचा. काठावरून बोट आत सरकवलं की मागे, खालून वर नेलं की घरी, वर नेऊन धरून ठेवलं की उघडं असलेलं सगळं समोर. इथवर कंपनीचं. त्यापुढे शेठची कलाकुसर सुरू व्हायची: तीन बोटं खाली ओढली की फोटो, फोन झटकला की टॉर्च. एकदा साहेबांनी मीटिंगमध्ये बोलताना जरा हातवारे केले आणि टॉर्चचा झोत समोर बसलेल्या मोठ्या साहेबांच्या डोळ्यांत गेला. साहेब तणतणत स्टोअरमध्ये आले तर शेठ शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचं मनगट फार हलतं." चूक नेहमी मनगटाची असायची, नाहीतर अंगठ्याची, नाहीतर जुन्या सवयीची. सेटिंगची चूक झाल्याचं त्याने जन्मात ऐकलं नव्हतं.

स्वतःच्या फोनचं तर विचारूच नका. डाव्या काठावरून छोटं सरकवलं तर एक, लांब सरकवलं तर दुसरं, तिरपं सरकवलं तर तिसरंच. कधी कधी त्यालाही आठवायचं नाही. पण हवा होता कॅमेरा आणि उघडलं कॅलेंडर, तर आपल्याला कॅलेंडरच बघायचं होतं अशा चेहऱ्याने तो तारीख बघून घ्यायचा.

घरात मात्र त्याची डाळ शिजत नव्हती. बायको शाळेत चित्रकला शिकवायची आणि नवऱ्याला पुरती ओळखून होती. लग्नाला वीसेक वर्षं झाल्यावर बायका ओळखतातच. तिने एकदाच सांगून टाकलं होतं, "माझ्या फोनला हात लावलात तर उद्यापासून जेवणाचं सेटिंग तुमचं तुम्ही बघायचं." शेठने तो विषय तिथेच मिटवला.

राहता राहिली आई.

आईचा फोन जुना होता, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला. पण तिची आणि त्या तीन बटणांची गट्टी जमली होती. त्रिकोण म्हणजे मागे, गोल म्हणजे घर. चौकोनाच्या वाटेला ती जायची नाही, चौकोनही तिच्या वाटेला यायचा नाही. तिला फोन लागायचा तो एकाच कामासाठी. दुपारी घर रिकामं झालं की ती खिडकीजवळच्या खुर्चीत बसायची आणि धाकट्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावायची.

ही बहीण, म्हणजे शेठची मावशी, लांबच्या गावी मुला-सुनेकडे राहायची. गेल्या वर्षी तिला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि जीभ जड झाली. एकेक शब्द ती विहिरीतून बादली ओढावी तसा ओढून काढायची. पूर्वी तिच्यापुढे कुणाला बोलायची सोय नव्हती, त्यामुळे आता ती परक्यांपुढे तोंडच उघडत नसे. मनमोकळं बोलायची ती फक्त ताईशी. ताई तिला अजून चिंगी म्हणायची, शब्दासाठी थांबायची, आणि अगदीच अडलं तर स्वतःच दोघींचं बोलायची. चिंगीचं दिवसभरात खरं बोलणं तेवढंच व्हायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की बोलणं थांबलं तर जीभ कायमची बसेल.

हे सगळं शेठला माहीत होतं. माहीत असणं आणि लक्षात असणं यात फरक असतो, दुसरं काय!

तर एके दिवशी त्याने आईला नवा फोन आणला. मोठा, चकचकीत, कडा गोल वळलेल्या. आणि आल्या आल्या त्याची तीन बटणं काढून टाकली.

"अरे, माझा त्रिकोण कुठे गेला?" आईने विचारलं.

"त्रिकोणाचा जमाना गेला, आई. आता दोन्ही काठ म्हणजे त्रिकोण. कुठूनही बोट सरकव."

"आणि मला मागे जायचंच नसलं तर?"

"तर सरकवू नकोस. सोपं आहे."

आईची बोटं कोरडी, काचेवर पटकन उमटायची नाहीत. म्हणून शेठने काठांची संवेदनशीलता शेवटच्या टोकाला नेऊन ठेवली. आता नुसता वारा लागला तरी फोन मागे गेला असता. स्वतःवर खूश होऊन तो कामावर गेला.

आई फोन धरायची तो आरसा धरावा तसा, दोन्ही हातांनी, दोन्ही अंगठे काठावर. एका हाताने धरलेल्या फोनमधून माणूस पडेल की काय अशी तिला धास्ती असावी. चिंगी दिसली, चिंगीने पहिला शब्द ओढायला घेतला, आणि आईचा अंगठा जरासा हलला. झालं! चिंगी आक्रसून कोपऱ्यात टिकलीएवढी. आई घाबरली, तिला कोपऱ्यातून बाहेर काढायला दहा ठिकाणी बोटं मारू लागली, आणि कॉल तुटला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी चिंगी अर्ध्या शब्दावर होती.

"फोन मधेच तुटतो रे," आईने संध्याकाळी सांगितलं.

"तू धरतेस कसा ते दाखव. हे बघ, इथेच चूक! काठाला हात लावायचाच नाही. खालून तळव्यावर तोलायचा."

"तोलू की बोलू?"

"सवय होते, आई. शिकायची तयारी हवी माणसाची."

त्याने तिच्याकडून तळव्यावर फोन तोलायचा सराव करून घेतला. सत्तरी ओलांडलेली बाई स्वतःच्या घरात हातावर फोन तोलत बसली होती आणि हा समोर उभा राहून 'अंगठा, अंगठा' म्हणत होता. बायको दारातून बघत होती. तिने कपाळाला हात लावला आणि आत गेली.

पुढच्या आठवड्यात शेठला स्टोअरमध्ये फोन आला. मावशीची सून होती.

"दादा, रागावू नका, पण विचारते. मोठ्या मावशी आमच्या सासूबाईंवर चिडल्यात का?"

"छे! कशाला चिडेल?"

"नाही, रोज बोलता बोलता फोन ठेवून देतात. सासूबाई म्हणतात, ताईला माझं बोबडं बोलणं आता ऐकवत नाही. काल फोन वाजला तर त्यांनी उशी ठेवली त्याच्यावर. आमच्याशीही बोलत नाहीत हल्ली, नुसती मान हलवतात."

माणूस दगड नव्हता हो. ही आपली करणी आहे हे त्याला लख्ख कळलं. सांगायचं एवढंच होतं, 'वहिनी, फोन मी बिघडवलाय.' पण चार शब्दांचं हे वाक्य त्याच्या तोंडाने आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं, आज अचानक कुठून येणार?

"आईचं वय झालंय आता," तो म्हणाला. "बोट लागतं तिचं. मी बघतो."

घरी येऊन त्याने बघितलं. खरं तर तीन बटणं परत आणायला सेटिंगमध्ये एका जागी बोट टेकवलं की काम होतं. पण म्हणजे हार मानणं! त्याने काठांची संवेदनशीलता कमी केली, इथवर ठीक. मग त्याच्या डोक्यात आलं की कॉल संपवायचं ते लाल वर्तुळ आईला पटकन सापडत नाही. मग त्याने एक ॲप उतरवून घेतलं आणि फोनच्या पाठीवर दोनदा टकटक केली की कॉल बंद, अशी सोय करून दिली. बायकोला दाखवली. आईला सांगायचं होतं, पण त्या गडबडीत राहून गेलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. याच्याकडे बैलही नव्हता, नुसतं शहाणपण होतं.

सुट्टीच्या दिवशी स्वतःचं यश डोळ्यांनी बघायला तो आईसमोर स्टूल ओढून बसला. बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. आईने कॉल लावला. खूप वेळ वाजला. मग उचलला गेला आणि मावशीचं तोंड दिसलं, एका बाजूला ओढलेलं, डोळे सुजलेले.

"चिंगे! अगं किती दिवस झाले," आई म्हणाली. तिचे दोन्ही अंगठे काठावर होते आणि कॉल जागच्या जागी होता. शेठने बायकोकडे विजयी नजर टाकली.

मावशीने ओठ हलवले. "ता... ई..." आणि पुढचा शब्द येण्याआधी तिला रडूच फुटलं. आवाज न करता रडायची ती, नुसते खांदे हलत होते.

"रडू नको गं," आई म्हणाली. "रडू नको, माझे बाई." आणि लहानपणी निजवायची तशी ती तिला थोपटायला लागली. दुसरं थोपटणार काय? हातात फोन होता. चार बोटांनी, हलक्या हाताने, फोनच्या पाठीवर.

पडदा काळा झाला.

आई काळ्या काचेकडे बघत राहिली. "कट केला तिने," ती म्हणाली. "रडू नको म्हटलेलं आवडलं नाही वाटतं." तिने परत लावला. वाजून वाजून बंद पडला. परत लावला. मग तिने फोन शेठच्या मांडीवर ठेवला. "घेऊन जा हा. नको असेल तिला मी, तर कशाला तिला छळू?"

"नेटवर्क असेल, आई," शेठ म्हणाला.

बायकोच्या हातातली घडी अर्धवट राहिली. "ती टकटक तुम्हीच लावलीत ना?"

"तू मध्ये बोलू नकोस."

"कसली टकटक?" आईने विचारलं. तेव्हा शेठच्या बायकोनेच सांगितलं. दोन वाक्यांत सांगितलं, वर एक शब्द जास्त नाही. काठांचंही सांगितलं.

आईचा आवाज चढला नाही. चढला असता तर शेठला सोपं गेलं असतं. "म्हणजे रोज मीच कट करत होते?" ती म्हणाली. "आत्ता मी तिला थोपटत होते, आणि तिला दिसलं काय, तर ती रडतेय आणि ताईने फोन आपटला?"

"आई, तसं तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर..."

"माझी बटणं दे."

त्याने दिली. टेकवलं बोट आणि आली, त्रिकोण, गोल, चौकोन. टकटकही काढली. इतकं सोपं होतं ते सगळ्यांना दिसलं, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली.

"आता तिच्या सुनेला फोन लाव. म्हणावं, फोन चिंगीच्या समोर धर. मी बोलणार नाही. तू बोल."

"मी काय बोलू? तूच सांग ना. तुझं ऐकेल ती."

"कापलास तू, जोडणार मी? लाव म्हणते ना!"

त्याने लावला. सुनेने उचलला, काही बोलणं झालं, मग चित्र हललं आणि मावशी दिसली. ती त्याच्याकडे बघत नव्हती, भिंतीकडे बघत होती. शेठने घसा खाकरला. कारखान्यात पावणेदोनशे माणसांना ज्याने मनगट आणि अंगठ्याचे दोष समजावून सांगितले होते, तो स्टुलावर बसून घामाघूम झाला होता.

"मावशी, त्याचं असं झालं, की ते जेश्चर..." तो थांबला. मावशी भिंतीकडेच बघत होती. "म्हणजे सिस्टिममध्ये काय असतं, काठ जो असतो..." परत थांबला. आई शेजारी बसली होती आणि एक शब्द उसना देत नव्हती. "आईने नाही... म्हणजे फोन जो आहे तो... तो मी..."

पुढचा शब्द येईना. तोंड उघडं, ओठ हलतायत, आणि आतून काही येत नाही.

मावशीने मान वळवली. भाच्याकडे नीट बघितलं. आणि इतक्या दिवसांत परक्यांपुढे न उघडलेलं तोंड तिने उघडलं.

"साव... काश," ती म्हणाली. "बोल... बाळा. मला... घाई... नाही."