सहा वर्षांचं उद्यापन

आमच्या ऊर्जानगरच्या, वीज केंद्राच्या क्वार्टरांमध्ये फेब्रुवारी लागला की नवऱ्यांना कर आठवतो आणि आम्हा बायकांना देव. शुक्रवारच्या लक्ष्मीच्या पूजेला जमलो, की कहाणी लवकर संपते आणि कराच्या गोष्टी प्रसादाचा शिरा थंड होईपर्यंत चालतात. इतक्या साचल्यात, की निर्माल्यासारख्या आता कुठं तरी सोडायलाच हव्यात.

*

पहिली शेजारच्या कुंदाबाईंची. त्या नुकत्या लग्न होऊन आल्या होत्या. नवरा म्हणाला, पोस्टाचं सहा वर्षांचं सर्टिफिकेट घेतो, सूट भेटते. कुंदाबाईंनी सगळ्यांना सांगितलं, पोस्टात सूट देऊन राह्यले! रंग विचारून घ्या, असं मीही आमच्या ह्यांना बजावलं होतं.

*

सूट करातली असते, हे मग ह्यांनी समजावलं. आमच्या मंदाच्या कॉलेजसाठी पैसे ठेवायचे, सहा वर्षं हात लावायचा नाही. पैसे दुप्पट होतात, आणि ज्या वर्षी ठेवले त्या वर्षी करही कमी लागतो.

मी म्हटलं, म्हणजे व्रतच की! संकल्प, नेम, आणि शेवटी उद्यापन.

मंदा तेव्हा सहावीत. मामाच्या गावाजवळच्या जंगलातल्या दवाखान्यात सिस्टर पाहिल्यापासून तिला नागपूरला नर्सिंग शिकायचं होतं. सर्टिफिकेट मी लक्ष्मीच्या फोटोमागं ठेवलं. तेव्हापासून आमच्या लाइनीत मॅच्युरिटीला सगळ्या उद्यापनच म्हणतात.

*

पुढच्या वर्षी माझ्या शिलाईचे पैसे जमले. माझ्या नावाचं एक घ्यावं, असं मनात आलं. ह्यांनी ऑफिसात विचारलं. बायकोच्या नावाचा विमा चालतो, सर्टिफिकेट चालत नाही. तिथले बाबू म्हणाले, "बायकोच्या मरणाच्या पैशाले सूट हाये भाऊ, साठवणीच्या नाई."

सगळे हसले, म्हणे. माझे पैसे ह्यांच्याच नावावर गेले.

*

सुजाताबाई शाळेत शिकवायच्या. त्यांच्या घरी बुद्धवंदना. आमच्याकडे त्या गप्पांपुरत्या यायच्या. नवरा-बायको दोघं पगारी, म्हणून थोरल्या पोराचा विमा नवऱ्याच्या कराच्या फॉर्मवर, धाकट्याचा बाईंच्या. एकदा बापानं धाकट्यावर हात उगारला, तर तो म्हणाला, "मले मारू नका बाबा, मी आईच्या फॉर्मवर आहो."

आम्ही पोट धरून हसलो. हसणं ओसरल्यावर सुजाताबाई मला हळूच म्हणाल्या, "ताई, कागद तुमच्या देव्हाऱ्यात असला तरी सही भाऊचीच चालते."

मी म्हटलं, लक्ष्मी आहे ना.

*

मंदा बारावीला आली आणि पहिल्या कागदाचं उद्यापन आलं. मी पुरण घातलं, पाच सवाष्णींना जेवायला सांगितलं. हे पोस्टातून पेढे घेऊनच आले. "या साली कर लागलाच नाई!"

दुप्पट झालेले सगळे पैसे त्यांनी त्याच खिडकीवर नव्या सर्टिफिकेटात टाकले होते. पुन्हा सहा वर्षं, मधे मोडता येत नाही. त्यांना वाटलं, मी खूश होईन.

मंदानं कागदावरची तारीख वाचली. "बाबा, पहिल्याचं उद्यापन झालं नाई अन् दुसरं व्रत धरलं?"

ह्यांनी पेढ्यांचा पुडा देवापुढं ठेवला. सवाष्णी जेवून गेल्या.

मी सोळा सोमवार धरले. जूनमधल्या प्रवेशापर्यंत पैशाचं काहीतरी होईल, असं वाटत होतं. जून गेला. पुढच्या वर्षी मंदाला कोरपन्याचं स्थळ आलं.

*

पहिल्याच्या पैशातून घेतलेल्या त्या कागदाची सहा वर्षं भरली, त्याच फेब्रुवारीत ऑफिसचा नवा फॉर्म आला. आता म्हणे पोरांच्या कॉलेजच्या फीवरही सूट. मंदाची पोरगी तेव्हा चालायला लागली होती.

हे चष्मा लावून बसले. अपत्याचं नाव, तिथं सवयीनं 'मंदा' लिहून टाकलं. पुढचा रकाना कॉलेजचा. पेन थांबलं.

"इथी काय लिहू?"

मी वाती वळत होते. म्हटलं, "आज शुक्रवार हाये. खोटं नका लिहू."