आठव्या सीटचा पट्टा

मंडळी, आधीच सांगतो, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. कॉलेजात पैजेवर स्मशानात बसून वडापाव खाल्लाय मी, आणि वर चटणी कमी म्हणून कुरकुरही केली होती. हा प्रकार तर सकाळी अकराला, भर कारखान्यात घडला... म्हणूनच जास्त छळतो.

साल सत्त्याण्णव. पुण्याहून बंगळूरला येऊन मला दोन वर्षं झाली होती. बोम्मसंद्र्याच्या एका छोट्या कारखान्यात मी डिझाइनला होतो. जवानांना नेणाऱ्या चिलखती गाड्यांची आतली मांडणी आमच्याकडे होती – बाकं, पट्टे, मागचं दार. त्यासाठी शेडमध्ये खऱ्या मापाचा पोलादी सांगाडा उभा केला होता. खिडकी नाही, समोरासमोर चार-चार अशा आठ सीट. चाचणी सोपी. कामगार आत बसून पट्टे लावणार, आम्ही दार लावून दिवा घालवणार, बझर वाजला की दार उघडणार आणि बारा सेकंदांत सगळे बाहेर. गाडी पेटली तर तेवढाच वेळ मिळेल असं धरलं होतं. सूचनांचा कागद मीच लिहिला होता: ‘फक्त आपला पट्टा सोडा. शेजारी बघू नका.’

आमचा एक माणूस काविळीने रजेवर होता, त्यामुळे अगदी आतली आठवी सीट रिकामी असायची. बाकी सगळे वेळेत उतरायचे, सातव्या सीटवरचा मात्र चार सेकंद उशिरा. माणूस बदलला, तरी चार सेकंद. तिसऱ्या दिवशी मंजप्पा नावाच्या वेल्डरला मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “स्वल्प लेट हो गया सर. बाजूवाले का बेल्ट अटका था, वो खोला.”

“बाजू में कौन था?”

तो सांगाड्याकडे बघत राहिला. आधीच्या दोघांना विचारलं, तर त्यांचंही उत्तर तेच. मला वाटलं, तिघं मिळून पुणेकराची फिरकी घेतायत.

शुक्रवारी सैन्याचे अधिकारी तपासणीला येणार होते. चाचणी नापास झाली की माझं वर्षभराचं काम कचऱ्यात. आणि नेमकं त्याच सकाळी सातव्या सीटवर बसायला कुणी तयार होईना. एकाचं पोट दुखत होतं, एकाला चक्कर येत होती. शेवटी म्हटलं, सरका, मीच बसतो. आठव्या सीटचा पट्टा मी स्वतः उघडा करून बाकावर नीट पसरून ठेवला, तेवढीच खात्री.

दार लागलं. दिवा गेला. बझर वाजला.

मी माझा पट्टा सोडला आणि उठणार, तोच कुणीतरी माझी बाही धरली. जोर नव्हता हो. बसमध्ये झोपलेल्या माणसाने ‘माझा स्टॉप आला की सांगा’ म्हणून धरावी तशी. आणि शेजारून टक... टक... आवाज. तो आवाज मी ओळखतो, बक्कल न सुटता नुसतं बटण दाबलं जाण्याचा.

माझा हात तिकडे गेला. बोटांना पट्टा लागला. ताठ होता.

तेवढ्यात मला स्टॉपवॉच आठवलं. मी बाही सोडवून घेतली आणि बाहेर पळालो.

अकरा सेकंद. अधिकाऱ्यांनी पाठ थोपटली, डिझाइन मंजूर झालं. मी वळून आत बॅटरी मारली. आठव्या सीटचा पट्टा लागलेला होता. बाकाला टेकलेलाही नव्हता. एका माणसाच्या पोटाइतका पुढे उभा होता. मग हळूहळू खाली बसला.

पट्टे शिवायला आमच्याकडे शंकरअण्णा होते. मल्लेश्वरमचे, पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात राहिलेले मराठी शिंपी. हा पट्टा आला कुठून, असं विचारल्यावर ते जरा चाचरले.

“एक पट्टा कमी पडला होता सार. स्टोरमध्ये मोडीत काढलेल्या गाडीतला जुना होता, नमुन्याला आणलेला. मधी कापलेला. म्हटलं चांगला माल वाया कशाला, जोडला.” त्यांनी शिवण उसवून काप उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा उतरला. “हे कात्रीचं नव्हे की. सुरीचं आहे. माणूस आत असताना कापलेलं. अंगावरून कापून काढलेलं कापड आमच्यात परत जोडत नाहीत सार. माझ्या बापानं पहिलं हेच शिकवलं होतं. बघितलंच नाही मी.”

मग त्यांनी हळू आवाजात विचारलं, “तुम्ही बसला होता न्हवं आज? सोडलात न्हवं त्याला?”

मी म्हटलं, “हो.”

“सरी, बरं झालं,” ते म्हणाले, आणि त्यांनी डोळे पुसले.

तो पट्टा त्यांनी जाळला. शंकरअण्णा आता नाहीत. मंजप्पासकट तिघांनी चार सेकंद थांबून त्याला सोडवलं, कागद लिहिणारा मी तेवढा पळालो, ही लाज मला आजही वाटते. तो कोण होता, कुठल्या गाडीतला, माहीत नाही. खुलासा विचाराल तर माझ्याकडे नाही.

हल्ली गाडी थांबवली की माझा हात आधी शेजारच्या सीटच्या पट्ट्याकडे जातो. बायको हसते, “अहो, मी काय कुक्कुलं बाळ आहे?” ती शेजारी नसते, तेव्हाही जातो.