भिकूकाकांचे लाल शेंडे

भिकूकाकांच्या फिशटँकमध्ये एकही मासा नव्हता. ते महाडला आमच्या शेजारी राहायला आले, तेव्हा मी पहिल्याच दिवशी विचारलं, "काका, मासे कुठे गेले?"

"मासे खायाचे असतात गो, बघायाचे नाय," असं म्हणून त्यांनी कात्रीसकट कोपरापर्यंत हात पुन्हा पाण्यात घातला.

टाकीत होती नुसती झाडं. पाण्याखाली सरळ वाढणारी, शेंड्याच्या पानांना कुंकवासारखी लाली असलेली. टाकी मांडली होती काकींच्या खाटेसमोर. लकव्याने काकींचं अंग गेलं होतं, वाचाही गेली होती. दिवसभर त्या त्या लालीकडे बघत पडून असत. पानं हिरवी पडली की त्यांची नजर भिंतीकडे जाई. म्हणून ती लाली राखणं हीच निवृत्त एसटी ड्रायव्हर भिकूकाकांची नवी ड्यूटी होऊन बसली.

ड्यूटी कडक होती. शेंडा टाकीवरच्या दिव्याजवळ, म्हणून लाल. बुडाशी उजेड पोचत नाही, तिथली पानं झडतात. काका शेंडे छाटून पुन्हा वाळूत रोवायचे आणि उरलेली बुडं उपटून परसात फेकायचे. "बुडाची माया करायची नाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कापडे गावच्या आपल्या शेतातली तांबडी माती आणून तिचे गोळे ते वाळूखाली पुरत. वीज गेली की अशा काही शिव्या हासडत की काकींच्या ओठाचा एक कोपरा हलायचा. त्यासाठी ते आणखी दोन जास्तीच्या हासडत.

काकींचे पाय शेकायला ते जवळच्या सव गावातल्या गरम झऱ्याचं पाणी कॅन भरून आणत. एकदा काकींच्या पायाचं बोट हललं. काका हरखून गेले आणि उरलेलं पाणी निववून त्यांनी सरळ टाकीत ओतलं. "तिला मानवलं, झाडांना बी मानवंल!"

त्या गंधकाच्या पाण्यानं आठवडाभरात पानं विरघळून गेली. काकींनी तोंड भिंतीकडे केलं. काका टाकीपुढे उकिडवे बसून म्हणत राहिले, "माज्याच हातानं घालवलं." मला ते ऐकवत नव्हतं.

एक शेंडा तेवढा तगला होता. काकांनी त्याच्यावरून पुन्हा सुरुवात केली. छाटायचं, रोवायचं, वाट बघायची. पानांवर पुसटशी लाली आली तेव्हा खाटेशी वाकून म्हणाले, "बग तरी गो." काकींनी मान वळवली नाही. त्या तशाच गेल्या.

तेरावं उरकल्यावर मी गेले, तर टाकी लालभडक झालेली. बघून मला रडूच फुटलं. काकांनी सगळे शेंडे छाटले, ओल्या फडक्यात गुंडाळले आणि माझ्या हातात दिले.

"तुज्या घरी लाव."

"आणि तुमच्या टाकीत?"

पाण्यात पानं झडलेली बुडं तेवढी उभी होती.

"ही ऱ्हाऊ देत माज्याजवल," काका म्हणाले आणि त्यांनी दिव्याचा प्लग काढला.