काळ्या पट्ट्यांमधलं लग्न

लेकीच्या डोक्यावर अक्षता पडल्या तेव्हा मी मांडवात नव्हते. आमच्याकडे नवरीच्या आईने ते बघायचं नसतं. मंगलाष्टकं सुरू झाली की तिने तुळशीला पाणी घालायचं. मी घरामागे तांब्या घेऊन उभी होते आणि भोंग्यातून आवाज ऐकत होते. नंतर जाऊबाई म्हणाल्या, पोरगी लय रडली. नणंद म्हणाली, छे, दगडासारखी उभी होती. लेकीला अजून शिकायचं होतं आणि आम्ही लग्न ठरवून टाकलं होतं, म्हणून खरं काय ते मला बघायचं होतं. फोनवर तिला विचारणं माझ्याच्याने होत नव्हतं.

महिनाभराने जिंतूरच्या फोटोवाल्याकडून शूटिंगची सीडी आली. आमचा टीव्ही जुना, मागे मोठं पोट असलेला. सीडी लावली तर वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी आणि मधे चित्र.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या खाटेवरून म्हणाल्या, "अर्धा टीव्ही बंदच हाय की गं."

ह्यांनी लगेच सीडी काढून पाकिटात घातली. "पडदा भरून पाहिजे म्हणून सांगतो त्याला." मीही मान हलवली. मलाही ती खोटच वाटली होती.

दुसऱ्या सीडीत पडदा भरला, पण माणसं उभी ताणली गेली. नवरदेव ज्वारीच्या उभ्या धाटासारखा. लेकीचा चेहरा असा ओढलेला की रडतेय की काय करतेय, काही समजेना.

"माय, किती वाळली पोरगी," आत्या म्हणाल्या. "जेवू घालायलेत का न्हाई तिला?"

"आत्या, हे लग्नातलं हाय. तवा ती आपल्याच घरी होती."

"मग आपणच घातलं न्हाई म्हणायचं."

हे पुन्हा जिंतूरला गेले. तिसऱ्या सीडीत माणसं नीट होती आणि पडदाही भरलेला होता. मंगलाष्टकं सुरू झाली तशी मी पुढे सरकून बसले. पडद्यावर अंतरपाट धरलेल्या भटजींची पाठ. त्या पाठीच्या एका बाजूला हिरव्या बांगड्यांचा हात कोपरापर्यंत, दुसऱ्या बाजूला हाराचं टोक. नवरा-नवरी दोघेही कडेला होते, ते कडेबरोबरच गेले. अक्षता पडल्या त्या भटजींच्या पाठीवर.

"लग्न कुणाचं हाय, भटजीचं?" आत्यांनी विचारलं.

हे म्हणाले, "आता मी न्हाई जाणार. मला बघितलं की हसायलाय त्यो."

दोन दिवस गेले. मग एसटीने मीच जिंतूरला गेले. किराणा दुकानात मीठ-साखर मागण्यापलीकडे मी कुणा परक्याशी बोललेली नाही. फोटोवाल्याकडे दोन गिऱ्हाईकं होती. ती जाईपर्यंत दाराशी उभी राहिले.

"बोला मावशी."

"पोरगी कापली गेली," मी म्हणाले.

तो दचकला. मग माझ्या हातातली सीडी बघून त्याला उमगलं.

"मावशी, शूटिंग आडवं लांब असतंय आता. तुमचा टीव्ही चौकोनी. भरून पाहिजे म्हटलं की एक तर दोन्हीकडून दाबावं लागतंय, न्हाई तर कडा कापाव्या लागतात. मी मालकांना सांगितलं होतं."

मला ते लगेच कळलं. गोधडीला लांब तुकडा चौकोनात बसवायचा असला की मीही तेच करते. चुण्या घातल्या तर आखडतो, कापला तर काठाची वेल जाते. अख्खा ठेवायचा तर वर आणि खाली साधं कापड जोडावं लागतं. त्या काळ्या पट्ट्या म्हणजे तेवढंच. आणि मी त्यांना खोट म्हटलं होतं.

"पहिल्यासारखीच द्या," मी म्हणाले. "पट्ट्या असू द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी हे शेतात गेल्यावर सीडी लावली. पट्ट्यांमधे चित्र लहान दिसत होतं, म्हणून मी टीव्हीला गुडघे टेकतील इतकी जवळ बसले. मधे भटजी, एका कडेला जावई, एका कडेला माझी लेक. अख्खी. मान खाली. डोळे कोरडे होते. आवंढा मात्र तिने दोनदा गिळला, तो मला दिसला. मग अंतरपाट निघाला आणि अक्षता पडल्या. एक तांदूळ तिच्या ओठावर चिकटला. दोन्ही हातांत हार, म्हणून तिने तो फुंकून उडवला. समोरच्याला हसू आलं. तिने वर बघितलं, आणि मग तीही हसली.

मी ते मागे नेऊन पुन्हा बघितलं.

"रडली का गं?" खाटेवरून आत्यांनी विचारलं.

"न्हाई. हसली."

"कुणाकडं बघून?"

"त्याच्याकडंच."

आत्यांनी मान उंचावून बघितलं. मग म्हणाल्या, "मला इथून काय दिसंना. लय बारीक हाय."

मी उठले आणि त्यांच्यासकट खाट टीव्हीपर्यंत ओढत नेली.