शकूरभाईंची पाकिटं

बंद पडलेला कम्प्युटर घेऊन कोणी आला, की कोणताही कारागीर विचारतो, "काय झालं?" शकूरभाई विचारायचे, "याच्यात तुमचं काय हाय?" माणूस गोंधळायचा. "फोटो हायेत, पोराच्या लग्नाचे," असं काहीतरी पुटपुटायचा. शकूरभाई ते एका लांबट वहीत लिहून घ्यायचे आणि मगच स्क्रूड्रायव्हर उचलायचे. मशीन बाजारात पुन्हा मिळते, तिची विचारपूस नंतर केली तरी चालते, असं त्यांचं म्हणणं.

भोकरदनच्या एस.टी. स्टँडमागे त्यांचं छोटंसं दुकान होतं. तिथे त्यांनी आधी रेडिओ दुरुस्त केले, मग टीव्ही, मग कम्प्युटर. धूळ झाडायला दाढीचा ब्रश, बारीक स्क्रू ठेवायला बडीशेपेची डबी. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचो आणि तास संपला की त्यांच्या स्टुलावर जाऊन बसायचो. चहा माझा, मतं त्यांची, असा आमचा ठराव होता.

मतांना तोटा नव्हता. कम्प्युटर हळू चालतो म्हणून एकजण मोठी हार्ड डिस्क बसवा म्हणाला, तेव्हा शकूरभाईंनी त्याला खाली बसवलं. "हार्ड डिस्क म्हंजे कणगी अन् रॅम म्हंजे परात. कणगी वाढवून भाकरी जल्दी होते का? परात मोठी घ्या." कॉलेजातल्या एका पोरीने सांगितलं, की आता प्रोग्रामसुद्धा कम्प्युटर स्वतःच लिहितो. ते म्हणाले, "लिहू दे की. बिघडल्यावर शिव्या खायला कोण येतंय, तेवढं पाहू." पण त्यांचा खरा राग डिंकाने चिकटवलेल्या पातळ लॅपटॉपवर. "ज्याला स्क्रू न्हाई त्याला दार न्हाई. अन् ज्या घराला दार न्हाई, तिथं आपलं सामान कशाला ठेवायचं, सर?"

मी अर्थातच तसलाच लॅपटॉप घेतला. रुपेरी, वहीएवढा पातळ. मिरवायला म्हणून दुकानात नेला, तर त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला आणि परत देताना एवढंच म्हणाले, "मंग तुमचं पाकीट तर करावंच लागंल."

पाकिटाची रीत त्यांची स्वतःची. त्यांची आई टेंभुर्णीची. "आमची अम्मी ज्वारीचं बियाणं एका घरात कधी ठेवत नव्हती. निम्मं आपल्या कणगीत, निम्मं दुसऱ्याच्या. घर जळालं तरी पेरा चुकू न्हाई." हेच त्यांनी कम्प्युटरला लावलं होतं. वर्षातून दोनदा, पेरणीआधी आणि दिवाळीनंतर, ते गिऱ्हाइकाच्या महत्त्वाच्या गोष्टींची नक्कल पेन ड्राइव्हवर घ्यायचे. तो खाकी पाकिटात घालून, चिकटपट्टी लावून, पट्टीवर आडवी सही करायचे. पाकिटावर मालकाचं नाव लिहायचे आणि ते दुसऱ्याच गिऱ्हाइकाला सांभाळायला द्यायचे. कोणाला, हे मालकाला सांगायचे नाहीत. "कळून काय करता? सुखानं झोपा. बिघडलं की सांगतो." माझ्या डाळीच्या डब्यामागे असंच एक पाकीट होतं. बाबू टेलरचं, ब्लाउजच्या गळ्यांचे सगळे नमुने असलेलं.

माझ्या पाकिटात रानभाज्या होत्या. अकरा वर्षं मी जाफराबाद आणि भोकरदन तालुक्यांतल्या बांधांवरून हिंडलो होतो. कुठल्या म्हातारीने कुठल्या पाल्याला काय नाव सांगितलं, तो कधी खुडायचा, कशाबरोबर शिजवायचा, सारं फोटोंसकट लिहिलं होतं. त्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या आता नव्हत्या. पुस्तक छापायला जायचं होतं आणि त्याच आठवड्यात लॅपटॉप गेला. घरातले दिवे दोनदा फडफडले, स्क्रीन काळी झाली आणि नंतर ती उजळलीच नाही.

शकूरभाईंनी केस सुकवायच्या यंत्राने डिंक वितळवून तो उघडला. बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. "सर, याची मेमरी, म्हंजे कणगीच, मेन बोर्डावर झाळून पक्की केलेली हाय. बोर्ड जळला. माझ्याच्यानं न्हाई निघायचं."

मी त्यांच्याच दुकानातल्या एका कम्प्युटरवर बसलो. इंटरनेटवर एक नक्कल होती खरी, भाच्याने सुरू करून दिली होती. उघडून पाहिली तर तिथली फुकटची जागा दोन वर्षांपूर्वीच भरली होती. जागा संपल्याचे निरोप येत होते, ते मी जाहिराती समजून पुसत होतो. अकरांतली शेवटची दोन वर्षं, म्हणजे पुस्तकाचा सगळा गाभा, तिथे नव्हताच.

"आता पाकीट," शकूरभाई वही उघडत म्हणाले. "तुमचं वानखेड्यांकडं हाय."

मी स्टुलावरून उठलोच. वानखेडे म्हणजे माझे शेजारी, निवृत्त ग्रामसेवक. अंगणात पाला पडतो म्हणून त्यांनी माझा शेवगा अर्धा छाटला होता. तीन वर्षं आमचं बोलणं बंद होतं. "शकूरभाई, गावात दुसरा माणूस मिळाला नाही? तो माणूस माझं पाकीट चुलीत घालेल!"

"बिलकुल न्हाई घालणार." ते शांतपणे स्क्रू मोजत होते. "दोस्ताकडं ठेवलं की दोस्त म्हन्तो, आपलंच हाय. मंग त्याची पोरं त्याच्यावर पिक्चर भरून घेतेत. लई वेळा झालं हे. पन ज्याच्याशी भांडण हाय, तो जिवापाड जपतो. उद्या याला बोट दाखवायला जागा मिळू न्हाई, म्हनून."

"आणि नसेल जपलं तर?"

"जपलंच असंल. अन् ती इंटरनेटवरची जागा भरली, तुम्हाला कळलं का? वानखेड्याच्या घरातली भरली असती, तर तो वट्यावर येऊन वरडला असता."

तेवढ्यात मला आठवलं, की बाबू टेलरने माझ्या लग्नाचा सफारी बिघडवला होता आणि मी त्याच्या दुकानाची पायरी आजवर चढलो नव्हतो. त्याचं पाकीट मात्र मी मुंग्या लागतील म्हणून तीनदा जागा बदलून ठेवलं होतं.

वानखेड्यांच्या दारापर्यंत वीस पावलं असतील. मी ती कशी चाललो ते माझं मला माहीत. कडी वाजवली. दार त्यांनीच उघडलं.

"पाकीट न्यायला आलोय," मी म्हणालो.

ते आत गेले. देवघराच्या फळीवरून स्टीलचा डबा काढला. डब्यात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत रुमाल, रुमालात माझं पाकीट. सही जशीच्या तशी. हायसं वाटून मी हात पुढे केला, तर त्यांनी पाकीट मागे ओढलं आणि कागद-पेन पुढे केलं. "पोच लिहून द्या. चांगल्या स्थितीत मिळालं म्हनून. नंतर गावभर सांगाल, मी खराब केलं."

मी उभ्या उभ्या पोच लिहिली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग घसा खाकरून म्हणाले, "काय हाय एवढं याच्यात?"

"रानभाज्या. अकरा वर्षांच्या."

"शेवगा हाय का त्याच्यात?"

"नाही. शेवगा रानभाजीत येत नाही."

"मंग बरं," ते म्हणाले आणि मला एकदम हसू फुटलं. त्यांनाही फुटलं. त्यांच्या घरचा चहा मी तीन वर्षांनी प्यायलो, गोडमिट्ट होता, तरी प्यायलो.

पुस्तक निघालं. पहिली प्रत मी शकूरभाईंना दिली. त्यांनी पानांपेक्षा शिवण तपासली आणि "दोऱ्यानं शिवलंय, बराबर," असा अभिप्राय दिला. दिवाळीनंतर माझं नवं पाकीट मात्र त्यांनी वानखेड्यांकडे दिलं नाही. "आता तुमची दोस्ती झाली. तिथं भरवसा न्हाई राह्यला."

मग त्यांच्या डोळ्यांना बोर्डावरचं बारीक झाळकाम दिसेना. मुलगी जालन्याला, मस्तगडात असते, ती न्यायला आली. जायच्या आठवड्यात मी रोज जात होतो, आणि त्याच आठवड्यात शकूरभाई माझ्याशी भांडले. तेही चहावरून! इतकी वर्षं मी मुद्दाम पाणचट चहा मागवतो, स्वतः तासन्‌तास बसून दुसऱ्यांचं स्टूल अडवतो, असं चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने बोलले. मला फार लागलं. मीही दोन शब्द बोललो आणि उठून आलो. दोन दिवस गेलो नाही.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः दारात उभे. हातात खाकी पाकीट, त्यावर नाव "शकूर". चेहरा फुगवलेलाच. पाकीट माझ्या हातात ठेवलं. त्या लांबट वहीची नक्कल त्याच्यात होती, कोणाचं काय कोणाकडे आहे त्या सगळ्याची.

"आपलं भांडण हाय," ते बजावून म्हणाले, "ध्यानात ठेवा." आणि वळून चालू लागले. मी दारात उभा राहून हसत होतो आणि डोळे पुसत होतो.

अधूनमधून त्यांचा फोन येतो. "पाकीट बराबर हाय का?"

"तुमच्याशी मला बोलायचं नाही," मी म्हणतो.

"शाब्बास," शकूरभाई म्हणतात आणि समाधानाने फोन ठेवतात.