राजूर घाटातली अकरावी खुंटी

सुरुवात माझ्या गाढवपणापासून करतो. म्हणजे पुढचं वाचताना माझ्यावर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हाला ठरवता येईल.

महाराष्ट्र होऊन तीन-चार वर्षं झाली होती. रस्त्यांवरचे मैल जाऊन किलोमीटर येत होते. मी रस्त्यावरचा मिस्त्री. मलकापूरहून बुलढाण्याला चढणारा आणि पुढे चिखलीवरून देऊळगाव राजाकडे जाणारा रस्ता आमच्या खात्याकडे. नवे दगड रोवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिले सहा दगड मी झोकात रोवले, रंगवूनही घेतले... आणि सहाच्या सहा दगडांचे आकडे शेताच्या बाजूला. रस्त्यावरून जाणाऱ्याला नुसती पांढरी पाठ. बुलढाणा किती लांब, हे फक्त शेतातल्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, कळत होतं.

साहेब पुण्याकडचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. "तुमच्याकडचे बैल वाचतात का हो?" एवढंच विचारलं. मग म्हणाले, "आता घाटाची मोजणी. ती जुन्या रजिस्टराशी जुळली नाही, तर बदलीवर चांद्याला, पार विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला, जायची तयारी ठेवा."

घरी, वर बुलढाण्याला, सांगितलं. चार वर्षांत तीन बिऱ्हाडं हलवलेली माझी बायको, माहेर घाटाच्या पायथ्याशी, मोताळ्याला. तिने कणीक मळता मळता ऐकून घेतलं. "चांद्याले मी येत नाही. तुमी जा, पत्र पाठवजा." पण दुसऱ्या दिवशी माळ्यावरची ट्रंक खाली आलेली दिसली.

भुताखेतांच्या भानगडीत मी कधी पडलो नाही. त्याला फुरसत लागते. रस्त्यावरच्या माणसाला खड्डे पुरतात. आणि हा रस्ता तर किती मुरलेला! वरच्या पठारावरचा कापूस बैलबंड्यांतून मलकापूरच्या रेल्वेला न्यायला झालेला. राजूर सोडलं की घाट लागतो; दोन्हीकडे साग, सीताफळीची झुडपं, आणि वर पोचेपर्यंत हवा गार. इंग्रजांच्या वेळेपासून त्याची फूट न् फूट मोजलेली. त्यात नवीन काय निघणार?

मोजणी सोपी असते. दोन माणसं साखळी धरतात. पुढचा साखळीच्या टोकाला लोखंडी खुंटी रोवतो, मागचा ती उपटून हातात घेतो. पुढच्याकडे दहा खुंट्या. त्या संपल्या की मागच्याच्या हातात दहा व्हायला पाहिजेत. दहा साखळ्या झाल्या, लिहा, खुंट्या परत द्या, चला पुढे. यात चुकायला खास अक्कल लागते.

भर सकाळी खालून चढायला लागलो. पुढे श्रावण, मागे म्हातारा तुळशीराम. तुळशीराम घाटातला मैलकुली, रस्त्याची डागडुजी करणारा. त्याचा बापही तेच काम करत गेला. पहिल्या दहा बरोबर. दुसऱ्या दहा बरोबर. तिसऱ्या वळणावर श्रावणच्या खुंट्या संपल्या आणि तुळशीरामच्या हातात अकरा.

"अकरावी कुठून आणली बे?" श्रावण म्हणाला.

"मी काय खिशात घेऊन फिरून राह्यलो? तूच रोवली, मी उपटली."

पुन्हा खालून सुरुवात केली. पुन्हा अकरा. तिसऱ्यांदा खुंट्या उपटायला मी स्वतः राहिलो. प्रत्येक खुंटी मोठ्याने मोजली. त्या वळणावर माझ्याच तोंडून "अकरा" निघालं आणि मला माझाच राग आला. वर पोचून मोजल्या तर दहा. उतरताना मोजणी केली तर रजिस्टराशी तंतोतंत. चढताना मात्र एक साखळी जास्त.

तुळशीराम तंबाखू मळत बसला होता. "बाबू, काऊन डोकं फोडून घेता? चढतानी तिथं एक जास्तच भरते. माह्या बापाच्या टायमालेही भरे."

"मग आधी का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलं कुठं? दगडही उलटे रोवले तवा मले वाटलं, नवीन पद्धत असन."

आता हे साहेबांना कसं सांगायचं? तरी सांगितलं. ते शांतपणे जीपमध्ये बसले आणि घाटात आले. दहा खुंट्यांना त्यांनी स्वतःच्या हाताने हिरवा दोरा बांधला, दोऱ्याचं उरलेलं रीळ खिशात टाकलं. मागचा माणूस म्हणून कोट काढून स्वतः उभे राहिले. मी मनातल्या मनात चांद्याची गाडी शोधत होतो.

तिसऱ्या वळणावर श्रावणने मोकळे हात दाखवले. साहेबांनी मुठीतल्या खुंट्या रस्त्यावर एकेक करून मांडल्या. अकरा. अकराच्या अकरांना हिरवा दोरा. त्यांनी रीळ काढून पाहिलं, परत खिशात ठेवलं. मग अकराही खुंट्या पोत्यात घालून पोतं मांडीवर घेऊन ते वरपर्यंत जीपमध्ये बसून राहिले. वर पोत्यातून दहा निघाल्या.

साहेबांनी पोतं उलटं करून झटकलं, कोट चढवला. मग साहेब म्हणाले, "रजिस्टरात लिहा, मोजणी वरून खाली केली. कारण लिहू नका."

"आणि साहेब... चांदा?"

"तुम्ही इथेच राहा. हे मला आणखी एका मिस्त्रीला समजावून सांगायचं नाही."

पुढे मी साखळी बदलून पाहिली, माणसं बदलून पाहिली, टेपही लावून पाहिली. ओळखीच्या एका गणिताच्या मास्तरांना विचारलं, त्यांनी चढ, उतार, उष्णता असं तासभर सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "पण खुंटी कशी वाढेल?" तेच तर मी विचारत होतो!

साहेब घाटात आले, त्या संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा अर्धी ट्रंक भरून झाली होती. मी सगळं सविस्तर सांगितलं, खुंट्यांच्या जागी काड्या मांडून दाखवलं. बायकोने ट्रंकेतली भांडी एकेक करून फळीवर लावायला घेतली.

"एवढंच ना?" ती म्हणाली. "लगन झालं अन् मोताळ्याहून घाट चढून वर आली, तवाच मले समजलं होतं, हा घाट येतानी जास्त भरते. माहेरी जातानी कवा संपते ते समजतही नाही. तुमच्या सायबाले म्हणा, पुढच्या टायमाले आधी घरात इचारत जा."