रजेच्या अर्जातलं ‘कारण’

१. आज सकाळी दहाला मी वर्षाच्या शेवटच्या तीन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला.
२. कारण लिहिलं: विश्रांती.
३. साडेदहाला अर्ज परत आला.

मी पनवेलच्या एका प्रयोगशाळेत काँक्रीटच्या ठोकळ्यांची ताकद तपासते. अर्ज परत घेऊन आले आमचे क्लार्क, म्हात्रेकाका.

“विश्रांती कारण नाय चालत गं. लग्न लिव. लग्नाला साहेब कधी नाय म्हनत नाय.”

“कोणाचं लग्न?”

“तुझंच लिव, पंधरा दिवस मिलतील!”

सगळे हसले, मीही हसले. कोरा अर्ज घेऊन ‘घरगुती काम’ लिहायला बसले आणि पहिल्याच अक्षराला हात थांबला.

यंदा माझ्या दोन नोंदी चुकल्या. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीने वेळेत पकडल्या, म्हणून चुकीचे रिपोर्ट बाहेर गेले नाहीत. दोन्ही वेळा त्याआधीचे तीन आठवडे मी एकही सुट्टी घेतली नव्हती. या चुका साहेबांना माहीत नाहीत. मला आधी पुरेसं झोपायचं आहे, मग वर्षभराच्या नोंदी शांतपणे बघायच्या आहेत, अजून काही निसटलं असेल तर.

मशीनने न दाखवलेला आकडा मी रिपोर्टात लिहीत नाही. मग अर्जात खोटं कारण कसं लिहू? पण खरं लिहिलं तर रजा जाईल.

साहेब शुक्रवारी सह्या करतात. ‘विश्रांती’ लिहून तुमच्यापैकी कुणाची रजा मंजूर झाली असेल, तर अर्जातलं नेमकं वाक्य मला गुरुवारपर्यंत कळवा.